अर्ध्या तासाची संस्था

दादाने टेबलाच्या फळ्या दोन्ही बाजूंनी ओढून घ्यायला लावल्या, तेव्हाच आत्याने ओळखलं की आज नुसतं जेवण नाही, सभा आहे. घरचीच माणसं होती, तीही सगळी नाहीत. दादाचा मुलगा पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेला होता. एवढ्या जणांना टेबलाचा मधला भागसुद्धा पुरून उरला असता. पण संस्थेचं काही बोलायचं असलं की दादाला टेबल पूर्ण लांबीचं लागायचं. संस्था ह्याच टेबलावर जन्माला आली होती आणि तिचं जन्मस्थळ आखूड करणं त्याला मान्य नव्हतं.

"बिट्टे, तू तुझ्या जागी बस," तो म्हणाला.

बिट्टी म्हणजे आत्या. साठी कधीच ओलांडलेली, चष्म्यांचं स्वतःचं दुकान उभं केलेली, निम्म्या शहराच्या नाकावर आपल्या हाताने चष्मे चढवलेली बाई. पण ह्या टेबलावर ती बिट्टीच होती आणि तिची जागा ठरलेली होती. खिडकीकडे पाठ, समोर थोरला भाऊ. थोरल्या भावाच्या पुढ्यात वाळूचं घड्याळ.

ते घड्याळ अर्ध्या तासाचं. लाकडी चौकटीत काचेचे दोन फुगे आणि आत बारीक करडी वाळू. बिट्टीला सातव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा वडिलांनी ते कुठूनसं पैदा केलं होतं. त्या काळचं इन्सुलिन भलतं आळशी. टोचल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय कामालाच लागायचं नाही. तोवर पोरीने जेवायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. मग आईने फर्मान काढलं की पोरगी थांबते तर सगळं घर थांबेल. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, वडील सुई टोचायचे, घड्याळ उलटं व्हायचं आणि भरल्या ताटांसमोर सगळं घर हाताची घडी घालून बसायचं. त्या घरात गरम जेवण कुणी जेवलंच नाही.

पुढे दादा लहान मुलांचा डॉक्टर झाला, त्यातही मधुमेहाचाच. एका वर्षी परदेशातले दोन डॉक्टर त्याच्याकडे उतरले. मोठ्यांचा मधुमेह वेगळा आणि पोरांचा वेगळा, पोराला मोठ्या माणसाचं औषध नुसतं कमी करून देऊन भागत नाही, असं ते म्हणायचे आणि त्यांच्या देशात लोक त्यांना वेड्यात काढायचे. दादा इथे तेच म्हणायचा आणि त्यालाही लोक वेड्यात काढायचे. असे तिघे वेडे टेबलाशी बसले. बिट्टीने सुई घेतली, आईने घड्याळ उलटं केलं आणि पाहुण्यांनाही थांबणं भाग पडलं. अडकून पडलेली माणसं करणार काय? बोलायला लागली. वाळू संपली तोवर संस्थेचं नावसुद्धा ठरलं होतं आणि बटाटे गार झाले होते.

आता त्या संस्थेचे सभासद कुठल्या देशात नाहीत हे शोधायला नकाशा डोळ्यांजवळ धरावा लागतो. दरवर्षी नव्या शहरात अधिवेशन भरतं. आणि अधिवेशनाच्या मोठ्या जेवणात, मग ते कुठेही असो, दादा आधी वाळूचं घड्याळ उलटं करतो आणि सगळा हॉल अर्धा तास थांबतो. संस्थेच्या बिल्ल्यावरही तेच घड्याळ आहे. उद्या हे अधिवेशन पहिल्यांदाच दादाच्या स्वतःच्या गावात भरणार होतं. संस्थेची नवी सचिव होती त्याचीच सून, तीही मुलांची डॉक्टर. अभिमानाने दादाची छाती आठवडाभर अशी फुगली होती, की वहिनी म्हणाल्या, "कोटाची बटणं मी उद्याच लावते. आज लावली तर तुटतील."

"आजपण थांबायचं?" झिपरीने विचारलं.

झिपरी दादाची नात. नऊ वर्षांची, डोक्यावर केसांचं कायम जंगल. गेल्या वर्षी तिलाही तोच आजार निघाला. ज्या दुखण्यावर आजोबांनी उभं आयुष्य घातलं ते नातीच्याच वाट्याला यावं, ह्यावर घरात कुणी काही बोललं नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या कमरेला काडेपेटीएवढा इन्सुलिनचा पंप होता आणि दंडावर एक गोल चकती. ती चकती तिची साखर दिवसभर मोजत राहायची आणि आकडा खिशातल्या छोट्या यंत्रावर दिसायचा.

"आज तर थांबायचंच," दादा म्हणाला आणि त्याने घड्याळ उलटं केलं.

सूनबाई हॉलवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होती ती तेवढ्यात येऊन बसली. "बाबा, मला उद्याबद्दल बोलायचं होतं."

"बोल की. अर्धा तास आहे आपल्याकडे."

"त्या अर्ध्या तासाबद्दलच बोलायचंय."

"बोला, बोला," नाना म्हणाला. "आणि बोलताना माझ्या पावाचाही विचार करा."

नाना हा मधला भाऊ. लहानपणी त्या अर्ध्या तासात सगळ्यांत जास्त जीव त्याचा जायचा. त्याने मोठेपणी बेकरी काढली तेव्हा घरात कुणालाही नवल वाटलं नव्हतं. उद्याच्या जेवणाचा पाव त्याच्याच भट्टीतून जाणार होता. "मी पहाटेपासून राबणार, पाव वाफाळता टेबलावर ठेवणार, आणि जगभरचे विद्वान त्याच्याकडे अर्धा तास नुसते बघत बसणार. दादा, पावाला भावना असत्या ना, तर त्याने तुझ्यावर दावा लावला असता."

"तू गप रे. हं, बोल सूनबाई."

सूनबाईने सगळं आधीच मनात जुळवून ठेवलं होतं. "बाबा, आताची इन्सुलिनं झटपट कामाला लागतात. दहा-पंधरा मिनिटं आधी घेतलं की पुष्कळ. टोचून घेऊन अर्धा तास उपाशी बसलं तर साखर खाली यायची भीती. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आपल्याच संस्थेच्या पुस्तकात छापलंय ते. आणि आपल्याच संस्थेच्या जेवणात आपण काय करतो?"

"तिथे कुणी आधी टोचून घेत नाही. सगळे जाणते आहेत, वाळू संपत आली की घेतात."

"म्हणजे नाटकच झालं ना ते?"

"नाटक नाही. आठवण आहे." दादाचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "बाहेरून बघणाऱ्याला आजार एकट्या पोराचा वाटतो. तो सगळ्या घराचा असतो. हे मी कुठल्या भाषणात सांगू? त्या अर्ध्या तासात लोकांना न सांगता कळतं. आणि विचारायचंच असेल तर बिट्टीला विचार. तिच्यासाठी सुरू झालंय ते." मग त्याला राहवलं नाही. "खरं तर उद्या सांगणार होतो. बिट्टे, उद्या घड्याळ मी नाही, तू उलटं करायचंस. स्टेजवर बोलावणार आहे तुला. इतकी वर्षं सगळ्या जगाने तुझी गोष्ट ऐकली. उद्या तुला बघू देत."

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. सूनबाईच्या डोळ्यांत विनंती होती, की आत्या, आता तुम्हीच काहीतरी बोला. नानाच्या डोळ्यांत पाव होता. दादाच्या डोळ्यांत तर काय, आनंद मावत नव्हता. आत्याने चष्मा काढून पुसायला घेतला. काहीही बोलायचं नसलं की ती चष्मा पुसायची, आणि जन्मभर चष्म्यांच्या दुकानात बसल्यामुळे ते कुणाला खटकायचं नाही.

चष्मा परत डोळ्यांवर ठेवला तेव्हा तिला झिपरी दिसली.

पोरगी सरळ ताटाकडे बघत बसली होती. तिचा एक हात टेबलाखाली गेला, नाक पुसल्यासारखा तोंडापाशी आला आणि पुन्हा खाली गेला. गाल किंचित फुगला. कपाळावर, केसांच्या कडेला घाम डवरला होता. ही युक्ती आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, ती तिचीच होती. साखरेचा खडा लपवून तोंडात टाकायचा आणि विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.

"झिपरे, आकडा किती आहे?"

"काही नाही."

"यंत्र दाखव बघू मला."

झिपरीने खिशातून यंत्र काढलं. आवाज बंद करून ठेवलेलं होतं आणि ते हातात थरथरत होतं. आकडा खाली गेला होता, शेजारचा बाण आणखी खाली बोट दाखवत होता. सूनबाई खुर्ची मागे ढकलून उठली. "पंपाचं बटण कधी दाबलंस तू?"

"आजी जेवायला चला म्हणाली तेव्हा."

"आणि मग बोलली का नाहीस?"

"आजोबा बोलत होते ना." झिपरीचा ओठ थरथरला. "आणि मी बोलले की सगळे माझ्याकडे बघतात."

वहिनींनी फळांच्या रसाचा पेला आणला आणि तिच्यासमोर धरला. नानाने पावाचा तुकडा तोडून तिच्या हातात कोंबला. झिपरी घटाघटा प्यायली. थोड्या वेळाने तिच्या गालांवर रंग आला, बाण सरळ झाला आणि ती दुसरा पाव मागायला लागली तेव्हा कुठे सूनबाईचे खांदे खाली आले. टेबलावर वाळू अजून पडतच होती.

दादा जागचा हलला नव्हता. अशा मुलांना कसं ओळखायचं हे त्याने देशोदेशीच्या डॉक्टरांना शिकवलं होतं. आज त्याची स्वतःची नात हाताच्या अंतरावर बसली होती आणि तो वाळूकडे बघत होता. "माझ्या लक्षातच..." तो म्हणाला आणि थांबला.

आत्याला खरं म्हणजे गप्प बसायचं होतं. इतकी वर्षं बसली होती, आणखी एक दिवस बसली असती. पण झिपरीचा तो थरथरता ओठ तिला बघवला नव्हता.

"दादा, मला हे कधीच आवडलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे थांबायचात ना, ते. मला भूक जड व्हायची नाही, तुमच्या नजरा जड व्हायच्या. रोज, दोन्ही वेळा. वाटायचं, मला एकटीला स्वयंपाकघरात बसवा, पण तुम्ही जेवून घ्या. उद्या स्टेजवर मला उभं करू नकोस. मी यायची नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची हळूच मागे सारून तो उठला आणि न जेवता आपल्या खोलीत गेला. त्याने दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने ते अलगद लावून घेतलं.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "आता हे सगळं पुन्हा गरम कुणी करायचं?"

माणसं मोठी गमतीची असतात. इतका वेळ जे दादाच्या विरुद्ध होते ते एका दारामुळे त्याच्या बाजूचे झाले. "आत्या, तुमचं बरोबर आहे," सूनबाई म्हणाली, "पण आजच बोलायला हवं होतं का? उद्या त्यांचा दिवस आहे. मला फक्त कार्यक्रम अर्ध्या तासाने आटोपता करायचा होता. त्यांना मोडायचं नव्हतं."

"मी तर नुसतं पावाचं म्हणत होतो," नाना पुटपुटला. "गार पावही काही वाईट लागत नाही. तसा मी गार पावावरच वाढलोय."

"म्हणजे मीच वाईट का?" आत्या म्हणाली आणि भांडी उचलून स्वयंपाकघरात गेली. वहिनी पाठोपाठ आल्या. त्यांनी भाजीचं पातेलं शेगडीवर चढवलं, आच बारीक केली आणि आत्याला स्टूल पुढे सरकवलं.

"बस. आता माझं ऐक. तुला तो अर्धा तास नको होता. कबूल. पण मला हवा होता."

"तुम्हाला कशाला?"

"मी वॉर्डातली नर्स. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुझ्या भावाचे परदेशी डॉक्टर जेवायला यायचे. एरवी मी वाढलं असतं आणि आत गेले असते. पण तुझ्या आईचा नियम होता ना, घड्याळ उलटं झालं की सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. म्हणून मी बसले. त्यांच्या गप्पांत बोलले. तेव्हा संस्था नुसती डॉक्टरांची होती. एका जेवणाला मी म्हणाले, पोरं घरी जाताना शिकवतं कोण, आम्हीच ना? मग आम्हाला घ्या की आत. वाळू संपेपर्यंत वाद झाला. पुढच्या अधिवेशनात नर्सेस आल्या, मग आहारवाल्या आल्या, मग तर आईबापही आले." वहिनींनी पातेलं ढवळलं. "आणि ती मातीच्या मडक्याची भानगड तुला ठाऊक आहे? दोन उन्हाळी देशांतल्या बायका, दोघी डॉक्टर, एकीचं नाव दुसरीला माहीत नाही. जेवणाला शेजारी बसल्या. अर्धा तास काढायचा कसा, म्हणून एक म्हणाली, आमच्या गावांत वीज नाही, इन्सुलिन खराब होतं. दुसरी म्हणाली, आम्ही एका मडक्यात दुसरं मडकं ठेवतो, मधे ओली वाळू, आत बाटली गार राहते. आज किती ठिकाणी पोरांच्या घरात तसली मडकी आहेत! ती मोठमोठी भाषणं कुणाच्या लक्षात राहिलीत? संस्था त्या अर्ध्या तासांत वाढली, बिट्टे. त्यात तू मात्र पिळून निघालीस. दोन्ही खरंच आहे."

ह्या बाजूने आत्याने कधी विचारच केला नव्हता. तिच्यापुरता तो अर्धा तास नेहमी तिच्यापाशी सुरू व्हायचा आणि तिच्यापाशीच संपायचा.

"जा त्यांच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "मी गेले तर ते मला सगळं ठीक आहे म्हणतील. तुला नाही म्हणता येणार."

दादा खुर्चीत बसला होता. उद्याचा कोट पलंगावर पसरलेला, त्याच्यावर संस्थेचा बिल्ला. तो म्हातारा दिसत होता, एरवी दिसायचा नाही.

"ये," तो म्हणाला. "म्हणजे मी जगभर खोटं सांगत फिरलो म्हणायचं."

"खोटं कशाला? सगळं घर थांबायचं हे खरंच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं हेही खरं आहे. तुला अर्धंच ठाऊक होतं, तू अर्धं सांगितलंस."

"मग तू सांगायचं नाहीस?"

"कुणाला सांगू? आईला? ती बिचारी माझ्यापायी जन्मभर गार जेवली. माझ्यासाठी उपाशी बसलेल्या माणसांना काय म्हणू, माझ्याकडे बघू नका म्हणून?" आत्या पलंगाच्या कडेला बसली, कोट चुरगळणार नाही अशी. "मी तुझ्यासमोर का बसायचे, सांग बघू."

"तुझी जागाच होती ती."

"हट्ट करून मिळवलेली होती. आधी माझी जागा नानासमोर होती. नाना एकदा ताटाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. बाबा एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे. आईची नजर तर हलायचीच नाही. तू एकटा बघायचा नाहीस. खाली मान घालून काहीतरी वाचत बसायचास. म्हणून मी तुझ्यासमोर आले. तिथे जरा मोकळं वाटायचं."

दादाने कोटावरचा बिल्ला हातात घेतला. "इन्सुलिनच्या खोक्यातला कागद असायचा तो," तो म्हणाला. "रोज तोच. एक अक्षर कळायचं नाही. मला तुझ्याकडे बघवायचं नाही गं. तू इवलीशी, आणि समोर ताट, आणि हात मांडीवर. म्हणून तो कागद तोंडासमोर धरायचो. मला वाटायचं, सगळे धीराचे आहेत, आपणच भित्रे."

"आणि मला वाटायचं, घरात हा एकच शहाणा आहे."

दादा हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. "तो कागद कळावा म्हणून तर डॉक्टर झालो मी."

"झालास ना? मग बस झालं. दादा, मला तुझा अभिमान आहे. तोंडावर कधी म्हणाले नाही, आता म्हणते. मी ह्या वयाला पोचेन असं कुणी आईबाबांना सांगितलं नव्हतं. डोळे जातील म्हणाले होते. मी गावाला चष्मे देत बसले. ते काय आपोआप झालं? पण मला स्टेजवर नको नेऊस. मी म्हणजे नेहमी ती टेबलावरची पोरगी. मला एकदा नुसतं जेवायचंय रे तुमच्याबरोबर."

"नाही नेणार," दादा म्हणाला.

"आणि घड्याळ?"

"ते माझ्यावर सोड. चल, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या हॉलच्या दारात पोचली आणि क्षणभर तिथेच उभी राहिली. टेबलं किती आणि माणसं किती! काळी, गोरी, सावळी, गव्हाळ. कुणी सुटात, कुणी पायघोळ झग्यात, आणि सगळ्यांच्या छातीवर ते एवढंसं वाळूचं घड्याळ. तिच्या बाबांनी कुठूनसं पैदा केलेलं. एक तरुण डॉक्टरीण तिच्या खुर्चीशी थांबली. दूरच्या उन्हाळी देशातली होती. तिने दंडावरची गोल चकती दाखवली आणि मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की लहानपणी तिची बाटली मातीच्या मडक्यात असायची आणि ते मडकं संस्थेच्या बाईंनी आणून दिलं होतं. आता तिच्याकडे स्वतःचा वॉर्ड आहे. त्या मुलीला आत्या कोण हे माहीत नव्हतं. बसायला जागा आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. आत्याने तिला शेजारी बसवून घेतलं. हे सगळं आमच्या टेबलावर सुरू झालं, असं हॉलभर ओरडून सांगावं असं आत्याला वाटलं.

सूनबाईने सचिव म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं. स्वच्छ, मोजकं, आवाज कुठे अडखळला नाही. भाषण संपत आलं तसं आत्याने टेबलाखालच्या टेबलाखाली आपलं इन्सुलिन घेऊन टाकलं. आताशा ते पेनासारखं असतं, कुणाला कळतही नाही. पलीकडे झिपरीने आईकडे बघून बटण दाबलं. आज थांबायचं नाही, एवढंच दादाने दोघींच्या कानात सांगून ठेवलं होतं. मग सूप आलं, नानाचे पाव आले. आणि दादा स्टेजवर गेला.

टेबलावर घड्याळ होतं, घरातलंच. त्याने ते हातात घेतलं आणि सवयीने सगळा हॉल शांत झाला. चमचे खाली ठेवले गेले, हात मांडीवर गेले. एवढी मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी बसली.

"ह्या घड्याळाची गोष्ट मी तुम्हाला पुष्कळ वर्षं सांगतोय," दादा म्हणाला. तो संस्थेच्या कामकाजाच्या भाषेत बोलत होता. ज्यांना ती येत नव्हती त्यांच्या कानांत दुभाष्यांचे आवाज होते. "काल मला कळलं की ती अर्धीच होती. एका घरात एक आजारी मुलगी होती आणि सगळं घर तिच्यासाठी थांबायचं. इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं असं, की मुलीला ते आवडायचं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघत बसलेलं तिला नको होतं. आपण सगळे मुलांसाठी काम करतो. त्या मुलीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."

त्याने घड्याळ टेबलावर आडवं ठेवलं. वाळू जिथल्या तिथे राहिली.

"तेव्हा आज आधी जेवा. सूप गरम आहे. पाव माझ्या भावाने भाजलाय आणि तो तुमच्याकडे रागाने बघतोय. जेवण झाल्यावर मी हे घड्याळ उभं करीन आणि मग अर्धा तास कुणी जागचं उठायचं नाही. शेजारी जो कुणी असेल त्याच्याशी बोला. ही संस्था तशीच वाढली आहे. हे मला माझ्या बायकोने सांगितलं."

वहिनींनी कुणी बघत नाही असं पाहून नाक पुसलं. कार्यक्रम आटोपता करायला निघालेल्या सूनबाईने एकदा डोळे मिटले, हॉलवाला आठवला असणार, आणि मग ती हसायलाच लागली.

टाळ्या थांबल्या, पण जेवायला कुणी सुरुवात करेना. इतक्या वर्षांची सवय. पहिला घास कुणी घ्यायचा? माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आत्याचा हात आपसूक चष्म्याकडे गेला.

"आत्याआजी, खायचं ना आता?" झिपरीने विचारलं.

तेवढ्यात दादा स्टेजवरून उतरून आला आणि आत्याच्या समोरच्या खुर्चीत बसला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. मान खाली घातली, पाव तोडला आणि मुकाट जेवायला लागला, जसा पूर्वी तो कागद वाचत बसायचा तसा. आत्याने चमचा उचलला आणि भरून सूप तोंडात घातलं. तिची जीभ चांगलीच पोळली. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" दादाने मान वर न करता विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "गरम आहे."